साठच्या पुढे

"अजून एकदा," अनुग्रह कठड्यावर चढून ओरडला. "आणि या वेळी वळणावर माझ्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ."

"मी रस्त्याकडेच बघत होते."

"ओकबाई, फोटोत सगळं येतं. जा, मागे जा."

पसरणी घाटातलं ते वळण मी त्या सकाळी सहाव्यांदा घेणार होते. जानेवारी महिना, साडेआठ वाजलेले, खाली वाईवर धुकं अजून तसंच पडलेलं, आणि मी छप्पर नसलेल्या गाडीत, आईचा लोकरी मफलर कानांवरून गुंडाळून बसलेली. वर जाणाऱ्या एका एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून आमच्याकडे बघत होती. बाई गाडी चालवतेय म्हणून की गाडीला टप नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

साल सांगायचं तर १९९८. मी पुण्यात 'चाकोरी' नावाच्या मासिकात गाड्यांची परीक्षणं लिहायची. नवी गाडी आली की कंपनी ती दोन दिवस आमच्या हाती द्यायची. मी चालवायची, मोजमापं घ्यायची आणि जे असेल ते लिहायची. लेखाखाली नाव 'हे. ओक' एवढंच. वाचकांची पत्रं 'श्री. ओक यांस' अशी यायची आणि अनुग्रह ती मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवायचा.

अनुग्रह साळवे आमचा फोटोग्राफर. मूळचा नगरचा, वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, ते गेल्यावर आई एकटीच तिकडे. मी तेहतीस वर्षांची, तो एकतीस. चार वर्षं आम्ही बरोबर काम करत होतो, पण गाडीत दोघंच असे कधी नसायचो. कंपनीचा एखादा माणूस मागच्या सीटवर बसलेला असायचाच. गाडीची काळजी घ्यायला म्हणून यायचा आणि कात्रज ओलांडायच्या आत झोपी जायचा.

या गाडीला मात्र मागची सीट नव्हती.

तिचं नाव 'झुळूक'. भोसरीतल्या सारथी मोटर्स या लहानशा कंपनीनं काढली होती. तीन लाखांच्या आत उघडी गाडी! तोवर असली गाडी म्हणजे एक तर सिनेमातल्या नायकाची, नाही तर एखाद्या संस्थानिकाच्या पागेत धूळ खात पडलेली. झुळूक बँकेतल्या कारकुनाला हप्त्यानं घेता आली असती. इंजिन आठशे सीसीचं, दारं दोन, माणसं दोन. छप्पर कॅनव्हासचं, पुढच्या काचेवरचे दोन खटके सोडायचे, उठून उभं राहायचं आणि ते हातानं मागे दुमडायचं. मला पंचेचाळीस सेकंद लागले, अनुग्रहला चाळीस, आणि त्याचं त्याला फार कौतुक.

फोटो झाल्यावर तो कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन शेजारी बसला, कारण डिकीत दुमडलेलं छप्पर शिरलं की दुसरं काही मावत नव्हतं.

"लिहून घे," मी म्हणाले. "डिकी नावापुरती."

"माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या, तेही लिहू?"

"लिही. चढावर तिसऱ्या गिअरला दम लागतो. दुसरा टाकावा लागतो. खड्ड्यात आरसा थरथरतो."

"सगळी गाडीच थरथरते."

"छप्पर काढलं की गाडीचा कणा निघतो. पत्र्यानं किती सांभाळायचं?"

"पण वळते छान," तो म्हणाला.

"वळते छान," मी कबूल केलं. खरंच वळत होती. हलकी, पायाशी लोळणाऱ्या मांजरासारखी. पाचगणीपर्यंत मी ती मनासारखी चालवली. एका वळणावर सिल्व्हर ओकची झाडं थेट डोक्यावर आली आणि अनुग्रह मान मागे टाकून वर बघत राहिला. त्यानं फोटो काढला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सगळंच काय छापायला काढायचं?"

उतरताना वाईत आम्ही मिसळ खायला थांबलो. पाव येईपर्यंत त्यानं खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दिल्लीच्या एका वृत्तसंस्थेचं पत्र होतं. गुवाहाटीला नेमणूक, सगळी ईशान्येकडची राज्यं त्याच्याकडे. पुराचे, निवडणुकांचे, डोंगरांतल्या गावांचे फोटो. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्या दिवशी शुक्रवार होता.

"हे तर तुला हवंच होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग?"

"मग काही नाही. तुला दाखवलं." त्यानं पाकीट पुन्हा घडी घालून ठेवलं. "रस्सा तिखट आहे. बेतानं घे."

मी त्याचं अभिनंदन केलं. नक्की कोणत्या शब्दांत ते आठवत नाही, पण त्यात 'मोठी संधी' हे शब्द होते. ते आठवले की अजून शरमल्यासारखं होतं.

खंबाटकी उतरल्यावर शिरवळच्या अलीकडे एक लांब सरळ पट्टा होता. तिथे आम्ही नेहमी वेगाची मोजमापं घ्यायचो. अनुग्रह स्टॉपवॉच घेऊन बसायचा आणि काट्याकडे बघून आकडे टिपायचा. त्या दिवशी वाऱ्यानं कागदच धरू देईना, म्हणून तो आकडे तोंडी सांगत गेला आणि मी ते पाठ करत गेले.

"साठ. अकरा पूर्णांक दोन."

"अकरा दोन."

"ऐंशी. एकोणीस पूर्णांक चार."

"एकोणीस चार."

शंभरला तेहतीस सेकंद लागले आणि पुढे गाडीची इच्छा संपली. मी वेग कमी करून सत्तरवर आणला. मोजायचं आता काही उरलं नव्हतं. रस्ता रिकामा होता. ऊन वर आलं होतं, पण वारा गारच. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे. अनुग्रहनं स्टॉपवॉच बॅगेत टाकलं, बॅगेचा बंद लावला आणि समोर बघत काहीतरी बोलला.

मी गिअर बदलला. मग कानाजवळ बोट नेऊन मान हलवली.

"काय? ऐकू आलं नाही. वारा!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला.

"काही नाही. म्हटलं, मागून ट्रक येतोय."

मी आरशात पाहिलं. रस्ता लांबवर मोकळा होता.

पुण्यात पोचेपर्यंत आम्ही टायरांबद्दल बोललो. सोमवारी त्यानं दिल्लीला होकार कळवला.

परीक्षण मी त्याच आठवड्यात लिहिलं. गाडीबद्दल चांगलं लिहिलं, कारण ती चांगली होती. डिकी, आरसा, तिसरा गिअर, सगळं खरं खरं लिहिलं. लिटरला सतरा किलोमीटर देते, हेही. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य लिहिलं: 'छप्पर उघडं असताना ताशी साठच्या पुढे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, दोघांच्या गाडीत हे मोठंच वैगुण्य म्हटलं पाहिजे.'

पानं लावताना अनुग्रह माझ्या टेबलाशी उभा राहून मजकूर वाचत होता. फोटो कुठे बसतो ते त्याला बघायचं होतं. त्या वाक्याशी तो थांबला. निदान मला तसं वाटलं.

"ठीक आहे?" मी विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "घाटातला फोटो मोठा घे. या ओळीला कात्री लावू नकोस, पान बरोबर भरतंय."

फेब्रुवारीचा अंक निघाला. चार-पाच दिवसांनी आमचे संपादक उकिडवे यांनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर एक किरकोळ अंगाचे, साठीकडे झुकलेले गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं, मांडीवर आमचा अंक.

"हे पळसुले," उकिडवे म्हणाले. "सारथीचे इंजिनिअर. तुमच्या एका वाक्याबद्दल त्यांचं म्हणणं आहे."

पळसुले उठून उभे राहिले. मला वाटलं, भांडणार. कंपन्यांची माणसं भांडायला यायची, जाहिराती बंद करण्याच्या धमक्या द्यायची, आणि उकिडवे त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. जाहिराती कमी आहेत कारण आपण खरं छापतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की मला आपल्या कामाचा अभिमान वाटायचा.

"तुम्ही डिकीबद्दल लिहिलंत, ते बरोबर आहे," पळसुले म्हणाले. "तिसऱ्या गिअरचंही बरोबर. मी आमच्या लोकांना दोन वर्षं तेच सांगतोय. पण ऐकू येत नाही हे..." त्यांनी अंक उघडला, पुन्हा मिटला. "ते माझं काम होतं, ओकबाई. पुढच्या काचेचा कल आणि सीटमागची ती छोटी काच. दीड वर्ष मी तेवढंच केलं. काचेला लोकरीचे धागे चिकटवायचो, वारा कुठून आत शिरतो ते बघायला. मुलीला शेजारी बसवून वर्तमानपत्र वाचायला लावायचो. ऐंशीपर्यंत तिचा शब्द न् शब्द कळायचा."

"माणसामाणसाच्या कानात फरक असतो," उकिडवे म्हणाले.

"असतो. म्हणून तर केलं." पळसुले जरा संकोचले. "आमच्या मंडळींना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. बत्तीस वर्षं स्कूटरवर मागे बसतात, आणि स्कूटरवर आमच्यात बत्तीस वर्षांत एक वाक्य पुरं झालं नाही. म्हटलं, एक तरी गाडी बोलता येईल अशी करू. तर तुम्ही नेमकं तेच..." ते थांबले. "माझं चुकलं असेल तर मला बघायचंय. गाडी खाली आणली आहे. अर्धा तास द्याल?"

मी उकिडव्यांकडे पाहिलं. "जाऊन या," ते म्हणाले.

अनुग्रह तेव्हा बाहेर आपल्या टेबलाशी जुन्या निगेटिव्हच्या पाकिटांवर नावं घालत बसला होता. त्याच्या जागी येणाऱ्या माणसासाठी. आम्ही जाताना त्यानं मान वर केली नाही.

कात्रज ओलांडून मोकळा रस्ता लागला. छप्पर पळसुल्यांनीच दुमडलं होतं. वीस सेकंदांत, न उठता. मी वेग वाढवला.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत, घरात बोलावं तशा आवाजात विचारलं, "तुमच्या तक्त्यातले आकडे फार नेमके आहेत. आमच्याशी दशांशापर्यंत जुळतात. कुणी घेतले?"

"साळवेंनी. स्टॉपवॉच त्यांच्याकडे होतं. ते सांगत गेले आणि मी लक्षात—"

मी बोलायची थांबले. काटा सत्तरवरच होता. वारा तसाच होता, छप्पर उघडं होतं, आणि मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

पळसुल्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच गाडी कडेला घेतली, एका वडाखाली थांबवली.

"छप्पर उघडं होतं त्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"उघडं होतं."

"मग मोजताना ऐकू आलं आणि नंतर आलं नाही, असं झालं का? तसं असेल तर कोणत्या तरी बाजूनं वारा आत येतोय, आणि मला तो शोधला पाहिजे."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. म्हणजे मी खोटं लिहीन हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. आपली काच चुकली असेल असंच ते धरून चालले होते.

"तुमची काच बरोबर आहे, पळसुलेसाहेब," मी म्हणाले. "मला ऐकू आलं होतं."

"मग?"

"जे ऐकू आलं, त्याला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. म्हणून ऐकू आलं नाही म्हणाले. आणि एकदा तोंडानं म्हटलं, म्हणून मग छापलं."

हे मी कुणाजवळ पहिल्यांदाच बोलत होते; स्वतःजवळसुद्धा. अनुग्रह त्या दिवशी म्हणाला होता, "तू म्हणालीस तर मी नाही जात, हेमांगी." चार वर्षं मी त्याच्यासाठी ओकबाई होते. त्या वाक्यात पहिल्यांदा हेमांगी झाले. सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. माझं नाव उच्चारताना त्याचा आवाज किंचित खाली गेला, तेही.

पळसुले खाली उतरले. वडाखाली उभे राहून त्यांनी खिशातली पेनं काढून पुन्हा नीट लावली.

"गाडीबद्दल काय लिहायचं ते तुम्ही लिहा," ते म्हणाले. "बाकीचं विचारायचा मला अधिकार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण वाईट वाटतं बघा. ऐकू येत नाही म्हणून बोलायचं राहतं, ते मला ठाऊक होतं. त्यावर काच बसवता येते. तुमच्यावर काय बसवायचं?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते.

मार्चच्या अंकासाठी मी चौकट लिहिली: 'फेब्रुवारीच्या अंकातील झुळूकच्या परीक्षणात, साठच्या पुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही असं म्हटलं होतं. ते चूक आहे. छप्पर उघडं ठेवून ताशी सत्तरच्या वेगातही साध्या आवाजातलं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. चाचणीच्या दिवशीही ऐकू आलं होतं. हे. ओक.'

उकिडव्यांनी शेवटच्या वाक्याखाली पेन्सिल टेकवली. "हे कशाला? ऐकू आलं होतं तर लिहिलं का, असं लोक विचारतील."

"विचारू देत."

"मी विचारू?"

"नका विचारू."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल बाजूला ठेवली. ते वाक्य तसंच छापलं गेलं.

त्या चौकटीबद्दल मी अनुग्रहला काही सांगितलं नाही. त्याच्याशी सरळ बोलता आलं असतं. तो दहा पावलांवर बसत होता. पण मी आयुष्यात जे काही धीट केलं होतं ते कागदावर केलं होतं, आणि दुसरी रीत मला येत नव्हती. त्याची गाडी नऊ मार्चची होती. अंक एक तारखेला निघाला. तो तेव्हा आईला आणायला नगरला गेला होता. घरी आई मला विचारायची, "जेवत का नाहीस? तोंड का असं?" मी म्हणायची, दाढ दुखतेय. एकदा तिनं आपण होऊनच विचारलं, "तो साळवे चाललाय म्हणे. ख्रिश्चन ना ते?" मी हो म्हणाले. ती पोळ्या लाटत राहिली. "मुलगा चांगला होता," एवढंच म्हणाली.

पाच तारखेला दुपारी तो आला. उकिडव्यांना भेटला, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "चहा?"

खाली कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये आम्ही नेहमीच्याच बाकावर बसलो. चहा आला. तो बशीत न ओतता नुसता कप धरून बसला.

"वाचलं," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मला तेव्हाच माहीत होतं. मी बोललो आणि तू चौथ्यातून तिसरा टाकलास. सपाट रस्ता, पुढे कुणी नाही. तू उगाच गिअर बदलणाऱ्यांतली नाहीस."

"मग विचारलं का नाहीस पुन्हा?"

"विचारणार होतो. शनिवारभर म्हणत होतो, सोमवारी सकाळी विचारू. मग वाटलं, ऐकूनही ऐकलं नाही म्हणते, म्हणजे हेच उत्तर. आणि मग ते छापून आलं." तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "म्हटलं, बाईंनी पाच हजार प्रती काढून नाही म्हटलं."

"ते 'नाही' नव्हतं."

"काय होतं मग?"

"घाबरले होते."

"आईला?"

"नाही. आईचं काही ना काही झालं असतं." मला नीट सांगायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. "तू थांबला असतास. मी म्हणाले म्हणून. आणि मग तिकडचं तुझं सगळं, पूर, डोंगर, ते राहिलं असतं, आणि तू इथे डिक्यांचे फोटो काढत बसला असतास. माझ्यासाठी कुणी काही सोडलेलं नाही रे आजवर. ते कसं घ्यायचं मला माहीत नाही."

तो ऐकत होता. मालकानं आतून कुणाला तरी हाक मारली, गिऱ्हाईकं आली, गेली.

"थांब," मी म्हणाले. "आता म्हणते. जाऊ नकोस."

एवढं बोलून मी कप खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"महिनाभर मी तुझं 'नाही' धरून चाललोय, हेमांगी. आईला तयार केलं. तिला पटत नव्हतं, भांडलो. घरात भाडेकरू आणले. रोज सकाळी उठून स्वतःला सांगितलं, तिला नकोय, तू जा. आता कुठे मन तिकडे वळलंय. आता थांबलो तर थांबेन, पण..." त्यानं मान हलवली. "तुला वाटेल मी राग धरलाय. राग नाही. पण ते जे होतं ना, गाडीत, ते त्या दिवशी सगळं माझ्या हातात होतं. आता कुठं आहे ते मला सापडत नाही."

"शोध की."

"शोधतोय. अंक वाचल्यापासून शोधतोय."

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. चहावर साय धरली. शेवटी तोच उठला.

"म्हणालीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर मी जन्मभर समजून चाललो असतो की मीच वेड्यासारखं विचारलं." मग दुकानाच्या पायरीवर थांबून, "लिहीत राहा. मी अंक मागवीन."

जाणारी माणसं असं म्हणतातच, असं मला वाटलं. नऊ तारखेला मी स्टेशनवर गेले नाही.

पुढची वर्षं मी कामात घालवली. उकिडवे निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. सारथी मोटर्स तीन वर्षांत बंद पडली. गाड्या चांगल्या होत्या, पण घेणारे कमी. लेखाखाली माझं पूर्ण नाव येऊ लागलं. आई गेली. दोन स्थळं मी स्वतः पाहिली आणि दोन्ही वेळा शेवटच्या क्षणी नको म्हणाले. दर एप्रिलमध्ये वर्गणीदारांची यादी सहीसाठी माझ्यासमोर यायची आणि तिच्यात एक ओळ असायची: 'अ. साळवे, गुवाहाटी'. एकही वर्ष चुकलं नाही. सही करण्याआधी मी ती ओळ शोधायची. सापडली की पान उलटायची.

अठरा वर्षांनी, २०१६ च्या नोव्हेंबरात, डोंगरी रस्त्यांवरच्या एका मोटार स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून गुवाहाटीला बोलावलं. स्पर्धा संपली आणि परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस मोकळा मिळाला. यादीतला फोन नंबर मी पुण्याहूनच डायरीत उतरवून आणला होता. हॉटेलच्या खिडकीतून ब्रह्मपुत्रा दिसत होती. एवढं पाणी की पलीकडचा काठ नुसता अंदाजानं कळत होता. दुपारी तीनच्या सुमाराला मी फोन लावला.

एका मुलीनं उचलला. मी हिंदीत विचारलं, साळवे आहेत का. नाव सांगितलं, पुण्याहून आलेय म्हणाले. मग ती मराठीत बोलली. सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत.

"पप्पा घरी नाहीत. ते तेजपूरला गेले आहेत. उद्या सायंकाळी परत येतील. आपण गाडीच्या लेखांच्या हेमांगी ओक आहात का?"

"हो," मी म्हणाले. "तू कोण?"

"मी जोनाकी. त्यांची मुलगी."

"मराठी छान बोलतेस."

"पप्पांनी शिकवलं. माझी आई आसामी आहे, तिला येत नाही. आजी होती तेव्हा ती बोलायची. आता फक्त पप्पा आणि मी." मग ती म्हणाली, "पप्पा तुमच्या लेखांवरून शिकवतात. लहानपणापासून. दर रविवारी एक गाडी."

मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले.

"मला गाडी चालवता येत नाही," ती सांगत होती, "पण मला गचका येतं, खडखडाट येतं, चढावर दम लागतो, हेही येतं. एकदा आईला मी म्हणाले, तुझा पिकअप कमी आहे. पप्पा खूप हसले."

मीही हसले. हसता हसता खिडकीची चौकट घट्ट धरली.

"आपण उद्यापर्यंत आहात का?"

"नाही गं. संध्याकाळचं विमान आहे."

"अरेरे," ती म्हणाली, अगदी पुस्तकातल्यासारखं. "मग पप्पांना काय निरोप सांगू?"

"काही नाही. म्हणावं, सहज फोन केला होता."

"सहज," तिनं उच्चारून पाहिलं. "हा शब्द मला येत नाही. थांबा, मी वही घेते." पाय वाजले, खण उघडल्याचा आवाज आला, ती परत आली. "हां. सांगा. सहज म्हणजे काय?"

खाली नदीत एक नाव पलीकडे निघाली होती. प्रवाह एवढा की ती सरळ जातच नव्हती. तिरकी तिरकी सरकत होती.

"सहज म्हणजे," मी म्हणाले, "काही कारण नसताना. मनात आलं म्हणून."

ती हळूहळू लिहून घेत होती. मग तिनं मला वाचून दाखवलं.

"मनात आलं म्हणून. बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.